सातवा महिना लागला की कुशीवर निजा
(प्रभाग संघाच्या मासिक सभेत आरोग्य सेविकेने केलेले भाषण)



आज मी लसीकरणावर बोलणार नाही, वजनकाट्यावरही नाही. आज बोलायचंय झोपेवर. हसू नका! तुमच्यात कुणाला दिवस गेलेत, कुणाची सून पोटुशी आहे, कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आलीये. तिने काय खावं हे अख्खं गाव सांगतं. तिने निजावं कसं, हे कुणी सांगत नाही.

पहिल्या तीन-चार महिन्यांत जसं बरं वाटेल तसं झोपा. उताणं, कुशीवर, पोटाची अडचण होत नाही तोवर पालथंसुद्धा. पण सातवा महिना लागला, म्हणजे २८ आठवडे भरले, की निजताना कुशीवरच निजायचं.

कारण समजून घ्या. आपल्या पाठीच्या कण्याला लागून एक मोठी शीर जाते. पायाकडचं, कमरेकडचं रक्त ती परत हृदयाकडे नेते. बाई उताणी झोपली की बाळ, पाणी, वार, पिशवी असा सगळा भार त्या शिरेवर येतो. ठिबकच्या नळीवर पाय पडला की पुढच्या झाडाला पाणी कमी जातं ना? तसंच होतं. आईला गरगरतं, घाम फुटतो, आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी पडतं.

न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आणि अमेरिका इथल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१९ साली एक निष्कर्ष छापून आला. शेवटच्या तीन महिन्यांत उताणं झोपी जाणाऱ्या बायकांमध्ये बाळ पोटातच दगावण्याचा धोका कुशीवर झोपणाऱ्यांपेक्षा अडीच पटींहून जास्त दिसला. घाबरून जाऊ नका. उताण्या झोपलेल्या बहुतेक बायकांचीही बाळं सुखरूप जन्मतात. पण जो धोका नुसतं वळून कमी होतो, तो कशाला घ्यायचा?

आता तुम्ही विचाराल, डावी कूस की उजवी? दोन्ही चालतात. त्याच अभ्यासात डाव्या-उजव्यात फरक दिसला नाही. जेवण वर येत असेल, छातीत जळजळत असेल, तर डाव्या कुशीवर जास्त आराम पडतो. रात्री जाग आली आणि आपण उताण्या आहोत असं दिसलं, तर जिवाला लावून घेऊ नका. परत कुशीवर वळा आणि झोपा. दुपारी आडवं होतानाही हेच.

एक गोष्ट मी गावोगाव ऐकते. "कूस बदलायची तर उठून बसून बदल, नाहीतर नाळ बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळते." बायांनो, नाळ गुंडाळते ती बाळाच्या स्वतःच्या हालचालीने. तुमच्या कूस बदलण्याशी तिचा संबंध नाही. दर वेळी उठून बसायचं म्हणून बाई रात्रभर एकाच अंगावर अवघडून पडते, झोप मोडते. पडल्यापडल्या सावकाश वळा, काही होत नाही.

आरामासाठी विकत काही आणायला नको, गटातून कर्जही काढायला नको. जुन्या लुगड्याची घडी किंवा उशी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये ठेवा, कमरेवरचा ताण उतरतो. एक वाकळ गुंडाळून पाठीशी लावा, म्हणजे झोपेत उताणं होणार नाही. पोटाखाली पातळ घडी सरकवा. जळजळ होत असेल तर जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी उरका आणि डोक्याकडची बाजू उंच करा.

उठताना पोटावर जोर देऊन ताडकन उठू नका. गुडघे वाकवा, कुशीवर व्हा, हाताचा टेकू घेऊन बसा, क्षणभर थांबा आणि मग उभ्या राहा. खाली जमिनीवर झोपणाऱ्यांनी तर नक्कीच. रात्री पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पायाची बोटं आपल्याकडे ओढा. पण एकाच पायाला सूज आली, दुखतोय, गरम लागतोय, तर तो साधा गोळा नव्हे, डॉक्टरांना दाखवा. झोप येत नाही म्हणून दुकानातून गोळी आणून घेऊ नका.

आता जरा सासूबाईंशी बोलते. आपल्या गटांत सासवाच जास्त आहेत! माता-बाल संरक्षण कार्डात लिहिलंय, गरोदर बाईला रात्री आठ तास झोप आणि दिवसा दोन तास विश्रांती हवी. आपल्या घरात काय होतं? सगळ्यात शेवटी ती जेवते, भांडी घासून शेवटी आडवी होते आणि पहाटे पाण्यासाठी सगळ्यात आधी उठते. झोपायला जागा मिळते ती चुलीजवळची, कूस वळायलाही जागा नसते. मग मी कितीही सांगितलं तरी ती कुशीवर निजणार कशी? "आम्ही शेतात बाळंत झालो," असं आपण म्हणतो. झालो, पण किती जणींची बाळं गेली हेही आपल्यालाच माहीत आहे. एक हंडा दुसऱ्या कुणी उचलावा. नवऱ्याने उचलला तरी चालतो!

आणि हे विसरू नका. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही. अंगावर रक्त जाणं, पाणी जाणं, खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर-हातावर सूज, झटका, यातलं काहीही झालं तर रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन लावा. सगळं ठीक असलं तरी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, तिथे जा.

शेवटी एकच मागणी. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करताना प्रत्येक गटाने एक प्रश्न विचारावा: आपल्या सात महिन्यांच्या पुढच्या सुना-लेकी किती, आणि रात्री त्यांना कूस वळायला जागा आहे का? उत्तर "नाही" आलं तर त्याच बैठकीत, त्याच घरच्या बाईशी बोलून तोडगा काढा. बचतीची वही आपण दर महिन्याला तपासतो, तेवढ्याच बारकाईने हेही तपासू या.