आरोप, आत्मसंशय आणि श्रद्धा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्या आपल्या सरांनी मला आठवीत गणित शिकविले. उत्तर बरोबर आले तरी ते तेवढ्यावर समाधान मानीत नसत. 'ताळा पाहिलास का?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न असे. या व्याख्यानासाठी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला मिळाले, तेव्हा हाच प्रश्न मनात आला. गणिताचा ताळा पाहता येतो. माणसाने आपल्या मनाचा, आपल्या श्रद्धेचा ताळा कसा पाहावा? विशेषतः चार लोक आपल्याकडे बोट दाखवीत असतात आणि हळूहळू आपले मनही त्यांच्या बाजूला जाऊन बसते, त्या वेळी?

सरांच्या आयुष्यात असा एक काळ येऊन गेला होता. एका संस्थेच्या वसतिगृहाचे हिशेब ते काही वर्षे विनावेतन पाहत होते. त्या संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. एका वर्षी रकमेत तूट निघाली. किल्ल्या सरांकडे होत्या, म्हणून बोट त्यांच्याकडे वळले. चार महिन्यांनी उलगडा झाला. मागील पानावरची बेरीज पुढच्या पानावर उतरवून घेताना एक अंक चुकला होता. पैसा कोठेही गेला नव्हता. संस्थेचे दिलगिरीचे पत्र आले आणि प्रकरण मिटले, असे सर्वांना वाटले. पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीनंतर, सर मला एकदा म्हणाले, 'आरोप खोटा ठरला हे खरे. पण त्या चार महिन्यांत रात्री प्रार्थनेला बसलो की मी स्वतःलाच चोर समजू लागलो होतो. ते कुठल्या पत्राने पुसायचे?'

त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे ते उत्तर शोधण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

आपल्या प्रांतात ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास हा बऱ्याच अंशी आरोपांना तोंड देणाऱ्या माणसांचा इतिहास आहे. त्याचे एक पान तर याच गावचे आहे. 'यमुनापर्यटन' या 1857 च्या कादंबरीचे लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म 1831 मध्ये बेळगावात झाला आणि 1854 मध्ये त्यांचा बाप्तिस्माही येथेच झाला. 'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. त्यात एका रात्रीत झालेल्या चमत्काराची कथा नाही. वर्षानुवर्षे चाललेली ओढाताण, वाचन, वाद, परमहंस मंडळीशी आलेला संबंध, घरच्यांचे दुःख आणि स्वतःच्या भित्रेपणाची लाज असे सारे त्यात आहे. श्रद्धावान माणसाला संशय येत नाही, ही समजूत 'अरुणोदया'च्या वाचकाच्या मनात टिकत नाही.

परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांच्यावर जे आरोप झाले ते एका बाजूने झाले नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याकडून शिकण्यासारखे फार आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या मातेने मुलीला. 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील गेले. भावासमवेत पायी हिंडत त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी 1878 मध्ये त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. पुढे भाऊ गेला. विवाहानंतर दोन वर्षांच्या आत, 1882 मध्ये, पतीही गेले. पदरी लहानगी मनोरमा होती. 1883 मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. कानांच्या दोषामुळे तो हेतू तडीस गेला नाही. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

येथून आरोपांची मालिका सुरू होते. स्वदेशात, 'धर्म सोडला' हा पहिला आरोप झाला. तो अपेक्षितच होता. दुसरा मात्र ज्या घरात त्या आश्रयाला होत्या तेथूनच आला. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन आणि चर्चमधील अधिकारी मंडळींना रमाबाईंचे प्रश्न विचारणे रुचेना. त्रैक्याचा सिद्धांत, चमत्कार, चर्चचा अधिकार, यांपैकी काहीही त्या केवळ सांगितले म्हणून मान्य करावयास तयार नव्हत्या. त्यांना अहंकारी, हट्टी, कृतघ्न ठरविण्यात आले. हा पत्रव्यवहार 1977 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना ठायी ठायी जाणवते की, पत्रे लिहिणारी ही पंचविशीतील विधवा परक्या देशात, परक्यांच्या अन्नावर राहत आहे. आणि तरीही एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली मान द्यावयाची नाही, हे ती नम्रपणे पण ठामपणे सांगत आहे.

तिसरा आरोप पुण्यात झाला. 1889 मध्ये मुंबईस सुरू झालेले शारदासदन पुढील वर्षी पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, प्रत्येक मुलीने आपला आचार पाळावा, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत. दार उघडे असे; काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'तून टीकेची झोड उठली. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुहृदांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुलींना परत नेले.

मित्रहो, येथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आरोप करणारे सारे दुष्ट आणि आरोप सोसणारे सारे संत, अशी सोपी वाटणी करून भक्तिभाव वाढतो, सत्य मात्र वाढत नाही. रानडे-भांडारकरांचा प्रश्न प्रामाणिक होता. पालकांनी 'तटस्थता' या शब्दाचा जो अर्थ घेतला होता त्यात उघडे दार बसत नव्हते. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणावर सक्ती करणार नाही, पण माझी प्रार्थना लपविणारही नाही, आणि एखादी मुलगी आपणहून आली तर तिला हाकलणार नाही. दोन्ही बाजूंना काही आधार होता. आरोपात तथ्याचा अंश असतो तेव्हा श्रद्धावंताची खरी कसोटी लागते. निखळ खोटा आरोप झटकून टाकता येतो. अर्धा खरा आरोप मनात काट्यासारखा मोडून राहतो.

आणि याच वर्षांच्या आसपास रमाबाईंच्या अंतरंगात काय चालले होते? 1907 च्या आपल्या साक्षवजा निवेदनात त्यांनी ते सांगितले आहे. बाप्तिस्मा होऊन सुमारे आठ वर्षे झाली तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही, असे त्यांना वाटत होते. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. व्यासपीठावरून उपदेश करतानाच आपल्याला स्वतःला त्या उपदेशाची गरज आहे, हे ज्याला उमगले असा हा मनुष्य. ते वाचून त्यांनी स्वतःची झडती घेतली. ज्या धर्मासाठी घरदार, कीर्ती, स्वकीय सारे दुरावले, तो आपल्या हाती पुरता आलेलाच नाही, हे कबूल करण्यास किती धैर्य लागले असेल! बाहेरचे लोक 'ही ख्रिस्ती आहे' असा आरोप करीत होते; आतले मन 'तू ख्रिस्ती तरी आहेस का?' असे विचारीत होते.

त्यांनी काय केले? बाहेरच्या आरोपाला उत्तर देण्यासाठी आतला प्रश्न दडपला नाही; आणि आतल्या प्रश्नाने खचून बाहेरचे काम थांबविले नाही. मला वाटते, आजच्या व्याख्यानाचे सार या एका वाक्यात आहे. आपली पात्रता ही आपल्या श्रद्धेचा आधार नव्हेच, आधार आहे तो देवाच्या कृपेचा, हे त्यांना उमगले, आणि मग स्वतःचे दोष पाहण्याची भीती उरली नाही. 1896-97 च्या दुष्काळात, ज्यांनी स्वतः भुकेने आईवडील गमावले होते त्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. शेवटच्या वर्षांत त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर पुरे केले. 1921 मध्ये मनोरमा गेली. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या.

आता आपल्या ताळ्याकडे वळू. पवित्र शास्त्रात सैतानाला जी नावे आहेत त्यांत 'आरोप करणारा' हे एक आहे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. सद्सद्विवेकबुद्धीही आपल्याला दोष दाखविते आणि हा आरोप करणाराही. मग दोघांत फरक कसा ओळखावा? माझ्या अल्प बुद्धीला तीन खुणा दिसतात.

पहिली अशी की, सद्सद्विवेकबुद्धी नेमक्या गोष्टीवर बोट ठेवते: अमुक दिवशी अमुक शब्द तू कठोर बोललास. आरोप करणारा सारा माणूसच निकालात काढतो: तू मुळातच नालायक आहेस. दुसरी खूण अशी की, विवेकबुद्धी वाट दाखविते: जा, क्षमा माग, घेतलेले परत कर. आरोप करणारा भिंतीसमोर उभे करतो. तिसरी खूण अशी की, विवेकबुद्धी आपल्याला माणसांकडे परत पाठविते. आरोप करणारा एकांतात कोंडून ठेवतो.

शुभवर्तमानातील पेत्र आणि यहूदा यांच्यातला भेद मला येथेच दिसतो. चुकले दोघेही, पश्चात्तापही दोघांना झाला. यहूदा एकटा निघून गेला. पेत्र रडला, पण सोबत्यांत राहिला. योहानाच्या शुभवर्तमानात एक बारीक तपशील आहे. पेत्राने प्रभूला नाकारले ते कोळशाच्या शेगडीजवळ शेकत असताना. आणि पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर प्रभूने मासे भाजले तेही कोळशाच्या निखाऱ्यांवर. दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीक शब्द एकच आहे. त्या धुराच्या वासाने पेत्राला काय आठवले असेल, ते सांगावयास नको. प्रभूने मात्र नाकारण्याचा हिशेब मागितला नाही. प्रेम आहे का, एवढेच तीनदा विचारले आणि प्रत्येक वेळी कळप सांभाळण्याचे काम सोपविले. विश्वास परत मिळतो तो असा, कामाच्या रूपाने. योहानाच्या पहिल्या पत्रातील आशयही हाच आहे: आपले अंतःकरण आपल्याविरुद्ध साक्ष देऊ लागले, तरी शेवटचा निवाडा त्याच्याकडे नाही, त्याहून थोर असलेल्या देवाकडे आहे.

या सभागृहात सर्वच जण ख्रिस्ती नाहीत, याची मला जाणीव आहे. पण हा अनुभव एका धर्मापुरता नाही. तुकोबांनाही आरोप सोसावे लागले. परंपरा सांगते की, वह्या इंद्रायणीत गेल्या आणि ते तेरा दिवस काठावर बसून राहिले. मनालाच साक्षीदार करणारा तो संत बहुमताच्या दडपणाखाली वाकला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा घर, जात, मित्र सारे दुरावले. तरी आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ज्या पुलावरून आलो तो मोडून टाकण्याची त्यांना गरज वाटली नाही. स्वतःच्या श्रद्धेची खात्री असलेल्या माणसाला दुसऱ्याची श्रद्धा हिणवावी लागत नाही. हाही एक ताळाच आहे.

सरांना त्या दिवशी जे सांगता आले नाही ते आज सांगतो. सर, ते चार महिने कोणत्याही पत्राने पुसायचे नव्हतेच. त्यानंतर तुम्ही वर्गात परत आलात, आणि एखाद्या मुलाच्या दप्तरात दुसऱ्याचा कंपास सापडला तर त्याला सर्वांसमोर उभे न करता मधल्या सुट्टीत बाजूला बोलावून 'काय झाले, सांग' असे विचारू लागलात. त्या मुलांपैकी एक मी होतो. तो कंपास मी घेतला नव्हता. पण तुम्ही विचारीपर्यंत मलाच खात्री वाटेनाशी झाली होती. तुमच्या त्या चार महिन्यांचा ताळा आमच्या आयुष्यात बरोबर जुळला आहे.