बुडत्याला हात देणारे



डोंगरकड्याहून समुद्र शेकडो मैल दूर. मग समुद्रावरच्या होड्यांच्या स्मारकाची कथा येथे कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु बुडणाऱ्याला काढणारा माणूस सगळीकडे सारखाच असतो, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर सेंट अ‍ॅन्स नावाचे गाव आहे. ९ डिसेंबर १८८६ च्या रात्री ‘मेक्सिको’ नावाचे जहाज तेथे वादळात सापडले. ते सोडवावयास तीन जीवरक्षक होड्या निघाल्या. एकीने जहाजावरील बाराही जणांना वाचविले. उरलेल्या दोहोंतले २७ नाविक मात्र बुडाले. गावाने समुद्राकडे पाहत उभ्या असलेल्या नाविकाचा पुतळा उभारला. पण गाव तेवढ्यावर थांबले नाही. तेथल्याच चार्लस मकारा यांनी पुढाकार घेतला आणि १८९१ साली मँचेस्टरच्या रस्त्यांवर या होड्यांसाठी लोकवर्गणी गोळा झाली.

आपल्याकडे पाहा. १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांची जयंती साजरी करतो. १९४४ साली त्याच तारखेस मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज पेटले. आत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला. आग विझविता विझविता स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक जवान कामी आले. त्यांचे स्मारक भायखळ्यास आहे. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो.

पुढे १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. जी वाचली, त्यांतल्या अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. होडीतली मासळी समुद्रात टाकून त्यांनी माणसांना जागा केली, असे तिकडे सांगतात. हे काही कोणाचे पगारी नोकर नव्हते.

आपल्या कयाधूला, पैनगंगेला पूर येतो, तेव्हा कोण उडी घेतो? गावातलाच एखादा पट्टीचा पोहणारा. त्याच्या हाती आपण काय देतो? पुष्कळदा साधा दोरही वेळेवर सापडत नाही. आमचे मागणे थोडके आहे. ग्रामपंचायतीत एक मजबूत दोर आणि हवा भरलेल्या दोन ट्यूबा सदैव तयार असाव्यात. पोहणाऱ्यांची नावे फळ्यावर असावीत. मुलामुलींना जाणत्याच्या देखरेखीखाली पोहणे शिकवावे. वाचविणाऱ्याचा जीव वाचेल अशी तजवीज करणे, हेच आम्ही त्याचे पहिले स्मारक समजतो.