लेप कीं पट्टी?

वैशाखांतील दुपार. वाईहून निघालेली मोटार पसरणीचा घाट चढूं लागते. वाई आणि पांचगणी यांच्या उंचींत पांचशे मीटरांहून अधिक अंतर आहे, आणि तें सारें थोड्याशा मैलांत चढावयाचें असतें. मागें बसलेल्या मंडळींना कृष्णेचें खोरें दिसत असतें. चालकाला मात्र पायाशीं झोंबणारी धग जाणवत असते. वर पोहोंचल्यावर बॉनेट उघडावें तों तापलेल्या रबराचा वास येतो. एंजिनाच्या कुशीला लागून असलेल्या ज्या लोखंडी नळ्या जळलेला वायु बाहेर नेतात, त्या हात जवळ नेऊं देत नाहींत. गॅरेजांतील भाषेंत या नळ्यांच्या जुडग्याला हेडर म्हणतात. या नळ्यांना सिरॅमिकचा लेप द्यावा, कीं त्यांच्याभोंवतीं उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी, असा प्रश्न जुन्या जीपचे, मोटारसायकलींचे आणि ट्रॅक्टरांचे मालक नेहमी विचारतात. प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचें उत्तर चुकलें तर नळी तरी सडते, नाहीं तर प्रसंगीं गाडी पेटते.

यंत्र हें या भागाला नवें नाहीं. १९१० मध्यें औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं किर्लोस्करवाडी वसविली. ती आज सांगली जिल्ह्यांत आहे. साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यांत आधीं नांगर आणि पुढें डिझेल एंजिनें घडलीं. तेव्हां एंजिनाच्या उष्णतेचा हिशेब येथील कारागिरास परका नाहीं. तो हिशेब ढोबळ मानानें असा : इंधन जाळून मिळणाऱ्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांश चाकांच्या कामीं येते, एक तृतीयांश पाण्याच्या व हवेच्या थंडाव्यांत जाते, आणि उरलेली एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर पडते. पेट्रोलच्या एंजिनावर पूर्ण भार असतां हा धूर सिलेंडरांतून निघतांना ७०० ते ९०० अंश सेल्सियस इतका तापलेला असतो. डिझेलच्या एंजिनांत तो त्याहून थंड असतो, तरी पांचशे-सहाशे अंशांची मजल तो सहज गांठतो.

ही उष्णता नळींतच राहिली तर दोन लाभ होतात. एक म्हणजे बॉनेटखालील तारा, रबरी नळ्या आणि एंजिनांत शिरणारी हवा हीं सारीं थंड राहतात. दुसरा लाभ असा कीं, तापलेला वायु विरळ व वेगवान् असल्यामुळें तो लवकर बाहेर जातो. आणि जेथें धुराच्या जोरावर फिरणारा टर्बो बसविलेला असतो, तेथें त्याला अधिक बळ मिळतें. मात्र साध्या गाडीच्या शक्तींत यामुळें पडणारा फरक अल्प असतो. जाहिरातींतील वचनांवर विसंबून कोणीं घाटांत दुसऱ्या गाडीशीं शर्यत लावूं नये. खरा लाभ धग कमी होण्याचाच आहे.

आतां दोन्ही उपायांचे स्वभाव पाहावे. पट्टी ही गोधडीसारखी आहे. कांचेच्या किंवा बेसाल्ट दगडाच्या तंतूंची ती विणलेली असते. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या जातीचा, त्याच जातीचा दगड सुमारें दीड हजार अंशांच्या भट्टींत वितळवून त्याचे केसासारखे तंतू ओढतात. या तंतूंच्या विणींत हवा अडकून राहते, आणि ती अडकलेली हवाच उष्णतेला अडविते. साध्या काचतंतूला सुमारें ५५० अंशांच्या पलीकडे सतत तापणें मानवत नाहीं. बेसाल्टचा तंतू त्याहून कांहींसें अधिक सोसतो. पट्टी स्वस्त असते आणि घरच्या अंगणांतहि गुंडाळतां येते. म्हणूनच ती लोकप्रिय आहे.

लेप हा कल्हईसारखा आहे. नळी वाळूच्या माऱ्यानें स्वच्छ करून तिच्यावर, आणि शक्य तर आंतूनहि, सिरॅमिकचें द्रावण फवारतात आणि भट्टींत भाजून पक्कें करतात. हा थर मिलिमीटराच्या विसाव्या भागाइतका किंवा त्याहूनहि पातळ असतो. इतक्या पातळ थराकडून गोधडीचें काम होणार नाहीं हें उघड आहे. मग तो काय करतो? तापलेली वस्तु आपली उष्णता किरणांच्या रूपानें बाहेर टाकते, आणि तापमान वाढूं लागलें कीं हा मारा झपाट्यानें वाढतो. ३०० अंशांवरील नळी ६०० अंशांवर गेली तर ती दुप्पट नव्हे, पांचपटींहून अधिक उष्णता फेंकते. चकचकीत पृष्ठभाग हा मारा रोखून धरतो. घांसून लख्ख केलेल्या तांब्याच्या भांड्यांतील पाणी काजळी धरलेल्या भांड्यापेक्षां अधिक वेळ कढत राहतें, हें पुष्कळ घरांतून पाहिलेलें असेल. रुपेरी लेपाची किमया तीच. शिवाय तो हवा व पाणी यांना लोखंडापर्यंत पोहोंचूं देत नाहीं, आणि हाच त्याचा मोठा गुण होय. असे रुपेरी लेप सुमारें ७०० अंशांपर्यंत टिकतात. त्यापुढील उष्णतेसाठीं निराळ्या जातीचे निस्तेज लेप मिळतात.

केवळ धग अडविण्याच्या कामीं पट्टी सरस ठरते. परंतु गोधडी पांघरलेल्या माणसास जसा घाम फुटतो, तशी पट्टीखालील नळी आपली उष्णता टाकूं शकत नाहीं आणि जवळजवळ आंतील वायूइतकी तापते. साधें पोलाद पांचशे अंशांच्या पुढें गेलें कीं त्याची खपली धरूं लागते. अर्धा मीटर लांबीची पोलादी नळी सहाशे अंशांनीं तापली कीं साडेतीन मिलिमीटरांहून अधिक लांबते, आणि थंड झाली कीं तितकीच आंखडते. हा खेळ रोजचा झाला म्हणजे जोडांना चिरा पडतात. आणि पट्टीखालीं त्या चिरा दिसत नाहींत. कित्येक हेडर बनविणारे पट्टी गुंडाळल्यास आपली हमी रद्द समजतात, त्याचें कारण हेंच.

येथें सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचा भूगोलच पंच म्हणून पुढें येतो. महाबळेश्वरास वर्षाकांठीं सरासरी साडेपांच हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे जावें तसा तो झपाट्यानें ओसरत जातो, आणि माण, आटपाडी व जत या तालुक्यांत तो पांचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. एक मालक महाबळेश्वरच्या किंवा कुंभार्ली घाटाच्या वाटेवर जीप चालवितो आणि दुसरा जतच्या माळावर, असें समजावें. पहिल्याची पट्टी आषाढापासून भाद्रपदापर्यंत ओलीच राहील. गाडी रात्रभर उभी राहिली कीं ती ओल लोखंडाला चिकटून बसते, सकाळीं तापून वाफ होते आणि संध्याकाळीं पुन्हां ओल. दोन-तीन पावसाळ्यांत अशी साधी पोलादी नळी पोखरून निघाली तर नवल नाहीं. या मालकानें लेपच द्यावा, मग तो महाग पडला तरी चालेल. दुसऱ्याला पाण्याची ही भीति नाहीं. त्याला उन्हाळ्याची धग आहे. त्याची नळी स्टेनलेस पोलादाची असेल तर पट्टी त्याला पुष्कळ वर्षें साथ देऊं शकेल.

कृष्णाकांठच्या मालकानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षीं सांगलींत महापूर आला आणि गाड्या पाण्याखालीं गेल्या. पुरांत बुडालेल्या गाडीची पट्टी वाळवून पुन्हां वापरण्याचा मोह धरूं नये. तिच्यांत शिरलेला गाळ निघत नाहीं. ती कापून टाकावी आणि नळी उघडी करून तपासावी.

याहून मोठा धोका तेलाचा आहे. उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या जुन्या ट्रॅक्टराच्या एंजिनांतून तेल पाझरणें ही रोजचीच गोष्ट. उघड्या नळीवर पडलेला थेंब धूर होऊन जातो. पट्टींत मात्र तो मुरतो. तेलांत भिजलेले तंतू आणि खालीं सहाशे अंशांचें लोखंड, ही निरांजनाची वातच झाली. आधीं गळती थांबवावी, मग पट्टीचा विचार करावा. आणि गळती थांबत नसेल तर पट्टी लावूंच नये. जुन्या काळीं याच कामाला ॲस्बेस्टॉसची दोरी वापरीत. कोणाच्या जुन्या गाडीवर ती आढळल्यास हातानें ओरबाडूं नये. तिची धूळ फुप्फुसांस घातक असते.

पट्टी लावावयाचीच तर ती पाण्यांत भिजवून घ्यावी, म्हणजे ती आवळून बसते आणि तंतू कमी उडतात. हातांत मोजे व तोंडावर फडकें असावें. प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर सुमारें सहा मिलिमीटर चढवावा आणि टोकें स्टेनलेसच्या पट्ट्यांनीं बांधावीं. पहिल्यांदा एंजिन तापेल तेव्हां थोडा धूर निघतो. त्यानें घाबरून जाऊं नये. वर्षांतून एकदां, पावसाळा सरल्यावर, एका जागीं वेढे सोडून नळी पाहावी. दिलेल्या लेपावर पट्टी गुंडाळणें हें मात्र लेपाची परीक्षा पाहण्यासारखें आहे. लेप देणाऱ्यास विचारल्यावांचून तें करूं नये.

शेवटीं ज्या घरांत नवी मोटार आहे, त्यांनीं या वादांत पडूं नये हेंच उत्तम. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. अशा गाड्यांत धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक बसविलेला असतो आणि उष्णता अडविणारे पत्रे कारखान्यांतूनच येतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलमहि वाहनाच्या मूळ रचनेंत मनमानी फेरफार करूं देत नाहीं. तेथें सैल झालेला पत्रा घट्ट करून घेणें एवढाच उपाय पुरेसा आहे.

वैद्य लेप देतो किंवा पट्टी बांधतो तो रोग्याची प्रकृति आणि ऋतु पाहून. नळीचें लोखंड कोणतें, एंजिनांतून तेल गळतें कीं नाहीं, आणि गाडी कोणत्या पावसांत उभी राहते, हे तीन प्रश्न ज्यानें विचारले, त्याला लेप आणि पट्टी यांतील निवड अवघड जाणार नाहीं. आणि पसरणीचा घाट चढतांना त्यालाहि कृष्णेचें खोरें पाहतां येईल.