संगणकाचा गाभा आणि जाळ्याचे दार

व्यवहारातले काही शब्द यंत्रांच्या जगात गेले, की त्यांचा अर्थ बराच पालटतो. ‘ड्रायव्हर’ हा त्यांपैकीच एक. मोटार हाकणारा तो ड्रायव्हर, हे कोणीही सांगेल. परंतु संगणकाच्या शास्त्रात ड्रायव्हर म्हणजे माणूस नव्हे, तर एक छोटीशी आज्ञावली होय. संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण आपली स्वतंत्र बोली बोलत असते. पडद्याची बोली निराळी, तबकडीची निराळी आणि दूरच्या यंत्रांशी संधान बांधणाऱ्या नेटवर्क कार्डाची तर आणखीच निराळी. ही बोली जाणणारा आणि ती संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याला समजावून देणारा जो दुभाषा, तोच ड्रायव्हर.

आणि हा मुख्य कारभारी कोण? इंग्रजीत त्याला कर्नल म्हणतात. मराठीत गाभा म्हणणे सोयीचे. स्मृतीची वाटणी, कामांचा क्रम, उपकरणांची देखरेख ही सर्व जबाबदारी या गाभ्याकडे असते. बहुतेकांना तो तयार स्थितीत मिळतो आणि त्याच्या अंतरंगात डोकावण्याची गरज त्यांना कधी भासत नाही. परंतु २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक नवी प्रणाली रचत असल्याचे जाहीर केले आणि तिचा मूळ मजकूर पुढे सर्वांना खुला केला. लिनक्स या नावाने आज ती जगभर प्रसिद्ध आहे. मजकूर खुला असल्यामुळे ज्याला इच्छा असेल त्याला तो वाचता येतो, त्यातील हवे ते ठेवता येते, नको ते गाळता येते आणि आपल्या यंत्रापुरता गाभा स्वतः बांधता येतो. या बांधणीत नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची निवड कशी करावी आणि ती चुकली असता काय ओढवते, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

गाभा बांधावयास बसलेल्या माणसापुढे प्रथम येते ती प्रश्नांची एक भलीमोठी यादी. त्यातील बऱ्याचशा प्रश्नांना तीन प्रकारची उत्तरे देता येतात : होय, नाही आणि मॉड्यूल. ‘होय’ म्हटले की तो ड्रायव्हर गाभ्यात कायमचा मिसळून जातो. तो घरातला माणूस झाला. ‘नाही’ म्हटले की त्याचा त्या गाभ्याशी संबंधच उरत नाही. ‘मॉड्यूल’ म्हटले की तो हाकेच्या अंतरावरील शेजाऱ्यासारखा असतो. काम पडले म्हणजे बोलवावा, संपले म्हणजे निरोप द्यावा. वरवर पाहता ही निवड अगदी सोपी वाटते. वस्तुतः साऱ्या बांधणीचे मर्म तिच्यातच आहे. कारण उत्तर देणाऱ्याला आपल्या यंत्राची ओळख किती आहे, याची परीक्षा येथे होते.

ही ओळख पटवावी कशी? कार्डाच्या खोक्यावरील नावावर विसंबून चालत नाही. एकाच कारखान्याची चिप अनेक व्यापारी आपापल्या नावाने विकतात. रिअलटेक या तैवानी कंपनीची ८१३९ ही स्वस्त चिप एके काळी अशा कितीतरी नावांखाली बाजारात होती. म्हणून नाव न पाहता क्रमांक पाहावा, हा जाणत्यांचा नियम. पीसीआय जातीच्या प्रत्येक कार्डावर दोन क्रमांक कोरलेले असतात : एक निर्मात्याचा, दुसरा उपकरणाचा. ते षोडशमान पद्धतीने, म्हणजे शून्य ते नऊ हे अंक आणि पुढे ए ते एफ ही अक्षरे वापरून लिहितात. रिअलटेकचा क्रमांक १०ईसी. इंटेलचा ८०८६, तिच्या १९७८ सालच्या प्रख्यात प्रोसेसरचे नावही हेच होते. ‘एलएसपीसीआय’ ही एक आज्ञा दिली की हे क्रमांक पडद्यावर उमटतात आणि त्यांवरून योग्य ड्रायव्हर कोणता ते ठरविता येते.

येथेही सावधपणा लागतोच. ८१३९ मालिकेतील कार्डांसाठी लिनक्समध्ये एक नव्हे, दोन ड्रायव्हर आहेत. जुन्या साध्या चिपसाठी एक आणि ‘सी-प्लस’ या सुधारलेल्या चिपसाठी दुसरा. इंटेलच्या कार्डांसाठी ‘ई१०००’ आणि ‘ई१०००ई’ असे दोन ड्रायव्हर असून त्यांच्या नावांत एका अक्षराचाच फरक आहे. परंतु पहिला जुन्या पीसीआय कार्डांचा, तर दुसरा पीसीआय एक्स्प्रेस या पुढच्या पिढीचा. एका अक्षराची गफलत झाली, की कार्ड जागच्या जागी असूनही यंत्र मुके राहते.

याच्या आधीच्या काळी तर परिस्थिती याहूनही बिकट होती. आयएसए जातीच्या जुन्या कार्डांना स्वतःची ओळख सांगण्याची अशी सोयच नव्हती. नॉव्हेल कंपनीचे एनई२००० हे कार्ड व त्याच्या असंख्य नकला त्या काळी घरोघर दिसत. कार्डावरील जम्पर नावाची बारीक टोपणे हलवून त्याचा पत्ता आणि संकेताचा क्रमांक ठरवावा लागे आणि तोच पत्ता ड्रायव्हरला अचूक सांगावा लागे. न सांगितल्यास गाभा अंधारात चाचपडल्याप्रमाणे एकेक पत्ता तपासून पाही. त्या पत्त्यावर भलतेच उपकरण बसलेले असले तर नुसत्या चाचपणीनेही सारे यंत्र जागीच थिजून जाई. म्हणूनच हा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बोलावताना त्याच्या बरोबर पत्ता देण्याची अट घातलेली होती.

निवडीतील दुसरी अडचण म्हणजे एका उत्तराचे दुसऱ्या उत्तरावरील अवलंबन. लिनक्सच्या यादीत नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर निर्मात्यांच्या नावांनुसार लावलेले आहेत. निर्मात्याच्या नावापुढे ‘नाही’ लिहिले, तर त्याच्या कार्डांविषयीचे पुढचे प्रश्न विचारलेच जात नाहीत. नवखा माणूस मग ड्रायव्हर शोधत बसतो आणि तो यादीतच नाही अशी समजूत करून घेतो. ‘होय’ लिहिल्याने मात्र गाभ्यात तिळभरही भर पडत नाही. फक्त पुढचे दार उघडते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या प्रणालीत हे अवलंबन आणखी एका रूपाने भेटते. इथरनेट कार्डात दोन भाग असतात : एक संदेशाची जुळणी करणारा, दुसरा प्रत्यक्ष तारेवर संकेत सोडणारा. या दोहोंमधील दुवा सांभाळणाऱ्या भागाला तेथे ‘एमआयआयबस’ म्हणतात. गाभा हलका करण्याच्या उत्साहात, अपरिचित नाव म्हणून एखाद्याने ही एक ओळ काढून टाकली आणि तिच्यावर विसंबणारा ड्रायव्हर मात्र तसाच ठेवला, तर बांधणी शेवटच्या टप्प्यावर येऊन अडते. अपरिचित म्हणजे अनावश्यक नव्हे, हा धडा त्या एका ओळीने पुष्कळांना दिलेला आहे.

तिसरी अडचण क्रमाची. काही यंत्रांना स्वतःची तबकडी नसते. ती आपली सारी सामग्री जाळ्यावरून, दुसऱ्या यंत्राकडून आणतात. अशा यंत्रात नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बाहेर ठेवला, तर काय होईल? ड्रायव्हर आणावयाचा तर जाळे हवे आणि जाळे हवे तर ड्रायव्हर हवा! पेटीला कुलूप घालून किल्ली आत ठेवावी, तसाच हा प्रकार. म्हणून तेथे ‘होय’ हेच उत्तर योग्य, किंवा प्रारंभीच स्मृतीत उतरणाऱ्या छोट्या गाठोड्यात तरी तो ड्रायव्हर बांधून दिला पाहिजे. उलट, अनेक बिनतारी कार्डांना चालू होताना फर्मवेअर नावाची सामग्री तबकडीवरून घ्यावी लागते. त्यांचा ड्रायव्हर गाभ्यातच मिसळला तर तो तबकडी उघडण्यापूर्वीच जागा होतो, सामग्री मागतो आणि ती न मिळाल्यामुळे हताश होऊन बसतो. येथे ‘मॉड्यूल’ हे उत्तर बरे, अथवा ती सामग्रीही गाभ्यात घालावी. सारांश, एका ठिकाणचे शहाणपण दुसऱ्या ठिकाणी चूक ठरते. ठराविक साच्याची उत्तरे येथे कामास येत नाहीत.

हे दुभाषे लिहिले कोणी? लिनक्सच्या पहिल्या आवृत्तीत जाळ्याशी बोलण्याची सोय मुळीच नव्हती. पुढे ज्यांनी ती उभी केली त्यांत डोनाल्ड बेकर यांचे नाव अग्रगण्य आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रचलित असलेल्या कितीतरी इथरनेट कार्डांचे ड्रायव्हर त्यांच्या लेखणीतून उतरले. १९९४ साली अमेरिकेच्या नासा संस्थेच्या गॉडार्ड केंद्रासाठी त्यांनी व टॉमस स्टर्लिंग यांनी सोळा साधे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ नावाचा समूह उभारला. संगणक वेगवान, परंतु त्यांना जोडणारी एकच तार अपुरी पडे, असा पेच निर्माण झाला. बेकर यांनी आपले ड्रायव्हर नव्याने लिहून संदेशांचा प्रवाह एकाऐवजी दोन तारांवर विभागला. महागडी सामग्री विकत घेण्याऐवजी दुभाष्यालाच अधिक शिकविले आणि कोट्यवधींच्या महासंगणकांना पर्याय देणारा एक मार्ग त्यातून खुला झाला. ड्रायव्हर हे दुय्यम, कंटाळवाणे काम आहे असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानी ठेवावे.

तथापि या क्षेत्रातील सर्वांत बोधप्रद प्रकरण घडले ते २००८ साली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू असता एक विलक्षण तक्रार पुढे आली. इंटेलची काही नेटवर्क कार्डे नुसती बंद पडत नव्हती, तर कायमची निकामी होत होती. कार्डाच्या अंगी असलेल्या कायम स्मृतीतील मजकूरच बिघडून जात होता. साहजिकच सर्वांनी बोट दाखविले ते ‘ई१०००ई’ या ड्रायव्हरकडे आणि काही प्रकाशकांनी आपल्या चाचणी-आवृत्त्यांतून तो तात्पुरता वगळलाही. पुढे ऑक्टोबरात खरा अपराधी सापडला, तो मात्र निराळाच होता. गाभ्यातील हालचालींचा माग काढणारी ‘एफट्रेस’ नावाची एक नवी सोय त्या आवृत्तीत आली होती. ती गाभ्यातील विशिष्ट स्थळांची नोंद ठेवी व वेळ येताच तेथे आपली खूण लिही. परंतु मधल्या काळात त्यांतील काही जागा मोकळ्या होऊन नेमक्या त्याच पत्त्यांवर नेटवर्क कार्डाची स्मृती येऊन बसे. घर बदलले, पण पत्ता तोच राहिला. आणि पत्र भलत्याच्या हाती पडले. एफट्रेसचा लेख गाभ्याऐवजी कार्डावर उमटे आणि कार्ड निकामी होई. अखेर ड्रायव्हरमध्ये कार्डाच्या स्मृतीला संरक्षण देण्यात आले आणि २.६.२७.१ या दुरुस्त आवृत्तीत ती सोय बांधणीपुरती बंद ठेवण्यात आली.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की माग काढणारी ती सोयसुद्धा बांधणीच्या यादीतील एक साधा प्रश्नच होता. त्या प्रश्नाला ज्याने ‘नाही’ म्हटले, त्याचे कार्ड या संकटातून बचावले. नेटवर्कच्या पानावर एकही चूक न करणाऱ्याला भलत्याच पानावरील एका ‘होय’ने दगा दिला. गाभा हा एकत्र कुटुंबासारखा असतो; एका खोलीतील बेसावधपणाचा परिणाम दुसऱ्या खोलीत भोगावा लागतो. दोष मात्र आधी समोर दिसणाऱ्याच्या माथी येतो.

अशा स्थितीत बांधणी करणाऱ्याने कोणती पथ्ये पाळावीत? पहिले पथ्य, चालू असलेला जुना गाभा कदापि पुसू नये. फ्रीबीएसडीमध्ये नवा गाभा बसविताना जुना ‘कर्नल-ओल्ड’ या नावाने आपोआप बाजूला ठेवला जातो. लिनक्समध्येही प्रारंभीच्या यादीत जुन्याचे नाव राहू द्यावे. दुसरे पथ्य, उत्तरांची जुनी वही जपून ठेवावी. नवी आवृत्ती आली म्हणजे तीच पुढे करावी. म्हणजे केवळ नव्या प्रश्नांचीच उत्तरे द्यावी लागतात. तिसरे पथ्य, एका वेळी एकच फेरफार करावा, म्हणजे बिघाड झाल्यास कारण शोधण्यासाठी रानोमाळ भटकावे लागत नाही.

चौथे पथ्य सर्वांत महत्त्वाचे आणि ते दूरच्या यंत्रांविषयी आहे. समोरच्या टेबलावरील यंत्राचे जाळे तुटले तर कळफलक तरी हाती असतो. परंतु शंभर कोसांवरच्या सर्व्हरमध्ये जाळ्याच्या ड्रायव्हरविना गाभा बसविला, तर आपण ज्या वाटेने आत आलो तीच वाट आपल्या हातांनी बुजविल्यासारखे होते. यंत्र व्यवस्थित चालू असते, आपली कामेही करीत असते. मात्र बाहेरच्याला ते मृतवत् असते. गाभा मध्येच कोसळला तर ठराविक सेकंदांनी यंत्र पुन्हा आपणहून सुरू व्हावे, अशी योजना करता येते. पण केवळ ड्रायव्हर नसल्याने गाभा कोसळत नाही, म्हणून ती योजनाही येथे निरुपयोगी. यावर उपाय एवढाच, की नवा गाभा फक्त एका खेपेपुरता निवडावा. मग त्याने दगा दिलाच, तर तेथील कोणी यंत्र बंद करून पुन्हा चालू करताच जुना गाभा आपोआप गादीवर येतो.

आजकाल तयार मिळणाऱ्या प्रणालींत बहुतेक सर्व ड्रायव्हर मॉड्यूलच्या रूपाने भरलेले असतात आणि कार्डाचा क्रमांक वाचून योग्य तो मॉड्यूल आपोआप बोलावला जातो. त्यामुळे सर्वसाधारण माणसाला ही उठाठेव करावी लागत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु लहान उपकरणांत जागा तुटपुंजी असते. काही ठिकाणी सुरक्षिततेसाठी अनावश्यक भाग गाळणे अगत्याचे ठरते. काही जुनी यंत्रे केवळ हलक्या गाभ्यावरच तग धरतात. तेथे अद्यापही कोणाला तरी त्या लांबलचक यादीपुढे बसून एकेका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. ते देणाऱ्याने आपले यंत्र उघडून पाहिलेले असावे, त्यातील कार्डाचा क्रमांक टिपून घेतलेला असावा आणि जे नाव कळत नाही त्यापुढे ‘नाही’ लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबून त्याचा अर्थ वाचण्याची सवय त्याला असावी. एवढी तयारी ज्याची असेल, त्याच्या यंत्राला जाळ्याचे दार सहसा बंद सापडणार नाही.