जीपच्या पोटाखालचा दांडा

ज्या वस्तूविषयीं मी आज बोलणार आहे ती आपणांपैकीं बहुतेकांनीं कधीं पाहिली नसेल. जीप विकत घेणारा गृहस्थ टपाचें कापड पाहतो, दिवे लावून पाहतो, आसनें दाबून पाहतो. परंतु कंबरेंत वांकून गाडीच्या पोटाखालीं डोकावणारा गिऱ्हाईक मला तीस वर्षांत क्वचितच भेटला. त्या पोटाखालीं इंजिनाकडून चाकांकडे जाणारा एक पोकळ पोलादी दांडा असतो. पुस्तकांत त्यास प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात, आमचे मिस्त्री नुसतें 'शाफ्ट' म्हणतात. मी आज त्यास दांडाच म्हणेन.

माझा धंदा म्हसवडास गाड्या दुरुस्त करण्याचा. त्यापूर्वीं कांहीं वर्षें मी स्वतः वडापाची जीप हांकीत होतों. माणसें मिळतील तेथून भरून गांवोगांव पोंचविणाऱ्या गाडीस आमच्या बाजूस वडाप म्हणतात, हें दूरच्या श्रोत्यांसाठीं सांगतों. माण तालुक्यांत जीपच कां, असें कोणी विचारील. आमची माणगंगा कुळकजाईच्या डोंगरांत उगम पावते आणि वर्षांतील बहुतेक दिवस तिच्या पात्रांत पाण्याऐवजीं वाळू असते. वस्तीवर जावयाचें तर ती वाळू तुडवावी लागते, नाहींतर महादेवाच्या डोंगराचा मुरमाड चढ चढावा लागतो. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४५ या काळांत, विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनीं मिळून सहा लक्षांहून अधिक जीपा बांधल्या, त्या असल्याच वाटांसाठीं. आपल्याकडे १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र हें नांव धारण करणाऱ्या कंपनीनें त्या दशकाच्या अखेरीस मुंबईस माझगांव येथें जीपा जुळविण्यास आरंभ केला. पुढें सरकारी जीपा लिलावांत निघूं लागल्या आणि साहेबांची गाडी शेतकऱ्याच्या दारांत आली. गाडी आली, पण तिच्याबरोबर तिची निगा ठेवणारें खातें आलें नाहीं.

आतां दांड्याकडे वळूं. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर घट्ट बसविलेलें असतें. मागचीं चाकें ज्या आंसावर असतात तो मात्र पाट्यांवर टांगलेला असून खड्ड्याखड्ड्यांत वर-खालीं होतो. अशा दोन ठिकाणांना सरळ, न वांकणारा दांडा जोडला तर पहिल्याच ओढ्यांत तो मोडेल. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस मनगटासारखा सांधा देतात. दोन बेळके समोरासमोर, काटकोनांत, आणि मधें अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी क्रॉस, अशी त्याची रचना. इटलींतील कार्दानो, पुढें इंग्लंडांतील रॉबर्ट हुक यांचीं नांवें या सांध्याशीं जोडलेलीं आहेत. मोटारीस तो बंदिस्त आणि टिकाऊ करून दिला अमेरिकेंतील क्लॅरेन्स स्पायसर यानें, त्याचें पेटंट १९०३ सालचें. क्रॉसच्या चारी टोकांवर चार टोप्या बसतात आणि प्रत्येक टोपीच्या आंत पेन्सिलीच्या शिशाएवढ्या पोलादी सुयांची रांग असते. सारा भार या सुयांवर. चाक एकदां फिरतें तेव्हां जुन्या जीपचा दांडा पांच वेळां फिरतो. ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें जातांना तो मिनिटास सुमारें दीड हजार फेरे घेतो. त्या सुयांना वंगण नसेल तर काय होईल, हें बैलगाडी हांकलेल्या मनुष्यास सांगावयास नको.

या सांध्याला एक खोड आहे. दांडा कोनांत असतां तो एकसारख्या गतीनें फिरत नाहीं. वीस अंशांचा कोन असेल आणि इंजिनाकडची बाजू १०० च्या गतीनें फिरत असेल, तर पलीकडची बाजू प्रत्येक फेऱ्यांत दोनदां ९४ पर्यंत उतरते आणि दोनदां १०६ पर्यंत चढते. हा धक्का दुसऱ्या टोकाचा सांधा उलट धक्का देऊन मारून टाकतो; मात्र त्यासाठीं दांड्याच्या दोन्ही टोकांचे बेळके एकाच रेषेंत असले पाहिजेत. दांडा मधें दात्यांच्या बाहींत सरकणारा असतो, कारण आंस वर-खालीं झाला कीं त्याची लांबी थोडी कमीजास्त व्हावी लागते. ही बाही काढून पुन्हां बसवितांना कांहीं दाते चुकले कीं बेळके तिरके होतात. मजकडे एक गृहस्थ असेच आले. वर्षभरांत तीनदां क्रॉस बदलले, तरी गाडी थरथरते म्हणून ते रडकुंडीस आले होते. नवीन सामान नकली आहे अशी त्यांची खात्री झालेली. मीं बाही काढली, दांड्यावरचा बाण आणि बाहीवरचा बाण समोरासमोर आणले, आणि बाही पुन्हां बसविली. एवढ्याच कामाचे पैसे कसे मागावे याचाच मला संकोच पडला. म्हणून दांडा खोलण्यापूर्वीं प्रत्येक जोडावर छन्नीनें बारीक खूण करून ठेवावी. खडूची खूण घासलेटानें धुऊन जाते.

दांडा मोडण्यापूर्वीं बोलतो. प्रथम सावकाश चालीवर चिमणीसारखी चिवचिव ऐकूं येते. ती वंगण संपल्याची. त्या वेळीं खालीं वांकून पाहिलें तर टोपीच्या कडेस गंजाची तांबूस भुकटी दिसते. पुढें गाडी पुढची मागें घेतांना 'टण्' असा ठोका बसतो. तो सुया झिजल्याचा. वेग वाढला कीं सर्वांग थरथरतें, तें दांडा वांकल्याचें किंवा त्यावर चिकटविलेलें तोलाचें पत्र्याचें ठिगळ निघून गेल्याचें. पहिल्या आवाजाला ग्रीसगन पुरते, दुसऱ्याला नवा क्रॉस लागतो. दुसऱ्याकडेहि दुर्लक्ष केलें तर काय होतें, हें मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतों.

चैत्रांतले, शिंगणापूरच्या यात्रेचे दिवस होते. माझ्या जीपची चिवचिव आठ दिवस चालली होती, मग ठोकेहि सुरू झाले. परंतु यात्रेंत एक दिवस गाडी उभी ठेवणें म्हणजे महिन्याच्या कमाईवर पाणी सोडणें. यात्रा झाली कीं पाहूं, असें मीं ठरविलें. तिसऱ्या खेपेस, गाडी माणसांनीं भरलेली, चढावर खालून असा दणदणाट सुरू झाला कीं मीं गाडी थांबविली, हातब्रेक ओढला आणि सर्वांस खालीं उतरविलें. मागच्या सांध्याची एक टोपी जागा सोडून बाहेर आली होती. दांडा काढून टाकावा आणि पुढच्या चाकांच्या जोरावर रिकामी गाडी घरीं न्यावी, असा विचार करून मी आणि माझा किन्नर गाडीखालीं शिरलों.

आतां येथें मी जें विसरलों तें ऐका. जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागें, दांड्याच्या मुळाशींच असतो. तो दांडा धरून ठेवतो आणि दांडा चाकें धरून ठेवतो. दांडा सोडला कीं हातब्रेक आणि मागचीं चाकें यांचा संबंध तुटला. गिअर टाकून ठेवला तरी तोच प्रकार. पुढच्या चाकांचा दांडा लिव्हरनें जोडून घ्यावयाचा, तो मीं जोडला नव्हता. शेवटची नट सैल झाली, दांड्याचें टोक माझ्या छातीशेजारीं पडलें आणि गाडी मागें हलली. वीतभर हलली आणि थांबली. उतारूंपैकीं एका म्हाताऱ्या मेंढपाळानें, कोणी न सांगतां, मागच्या दोन्ही चाकांखालीं धोंड्यांची उटी लावली होती. मी बाहेर आलों तेव्हां माझे हात कांपत होते. तो म्हणाला, "चढाला गाडी हुबी ऱ्हायली की आदी उटी, मग बाकीचं." बैलगाडीवर शिकलेली ही रीत त्यानें जीपला लावली आणि आम्ही दोघे वांचलों.

म्हणून कामाचा क्रम सांगतांना मी उटीपासून आरंभ करतों. गाडी सपाट जागीं घ्यावी, उतारावर घेऊंच नये. चारी चाकांस पुढून-मागून उट्या लावाव्या. जुन्या जीपचें एकच मागचें चाक जॅकवर उचललें तरी गाडी पळूं शकते, कारण उचललेलें चाक उलट फिरून जमिनीवरच्या चाकास मोकळीक देतें. हातब्रेक ओढलेला असला तरीहि. दांड्याच्या दोन्ही टोकांखालीं लांकडाचा ठोकळा द्यावा, नाहींतर सुटतांच तो पोटावर येतो. सुटल्यावर टोप्या तारेनें बांधून ठेवाव्या, त्या पडल्या कीं सुया मातींत जातात.

क्रॉस बदलणें हें जोराचें काम नाहीं, सबुरीचें आहे. टोप्यांना अडकविलेल्या सर्क्लिप काढाव्या, आणि शेगड्यांत धरून एका बाजूनें दाबून दुसऱ्या बाजूची टोपी बाहेर काढावी. शेगडा नसेल तर पितळी गोळ्यावर हातोडी चालवावी. पोलादावर पोलाद आपटूं नये, बेळक्याचे कान वांकतात. नव्या टोपींतील सुया ग्रीसमध्यें रुतवून ठेवाव्या. बसवितांना एखादी सुई आडवी होऊन तळाशीं पडते, मग टोपी पुरती आंत जात नाहीं आणि सर्क्लिपची खांच उघडी पडत नाहीं. शिकाऊ पोरगा अशा वेळीं मोठा हातोडा मागतो. हातोडा देऊं नये; टोपी काढून सुया मोजाव्या. सर्व बसल्यावर क्रॉस बोटांनीं सर्व दिशांस फिरला पाहिजे, कोठें अडतां कामा नये. ग्रीसचें निपल गन पोंचेल अशा बाजूस आहे ना, हें दांडा गाडीवर चढविण्यापूर्वींच पाहावें. हा मूर्खपणा मीं दोनदां केला आहे.

मग ग्रीस, तें चारी टोप्यांच्या कडेनें बाहेर डोकावेपर्यंत. यू-बोल्टच्या नटा दोन्ही बाजूंस सारख्या आवळाव्या आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हां पाना लावून पाहाव्या. आमच्या धुळींत मी पंधरा दिवसांनीं ग्रीस देतों. पुराच्या ओढ्यांतून गाडी गेली असेल तर त्याच संध्याकाळीं, म्हणजे आंत शिरलेलें पाणी बाहेर पडतें.

नव्या गाड्यांत पुष्कळ ठिकाणीं हे सांधे बंदिस्त आले आहेत, त्यांना निपलच नसतें. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या आंखूड दांड्यांचा सांधा रबरी बुटांत असतो. त्याची निगा म्हणजे तें रबर फाटलें नाहीं ना हें पाहणें. बाभळीच्या काट्याचें एक भोंक पुरतें, आंतलें ग्रीस गेलें आणि मुरूम शिरला कीं सांधा वळणावर कटकटूं लागतो. फाटलेलें रबर त्याच आठवड्यांत बदललें तर सांधा वांचतो.

माझ्या जीपच्या आसनाखालीं अद्याप एक नवा क्रॉस, चार सर्क्लिप, दोन यू-बोल्ट, ग्रीसगन आणि पाने एका गोणपाटांत गुंडाळलेले असतात. त्याच गोणपाटांत उटीचे दोन ठोकळेहि आहेत, बाभळीचे. माणांत धोंड्यांना तोटा नाहीं, पण हवा तसा धोंडा हव्या त्या वेळीं हाताशीं असतोच असें नाहीं.