मागें उरलेल्यांचें गुपित

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. पुढील वर्षीं पुण्यांत गोरे सोजीर घरोघर झडत्या घेऊं लागले, तेव्हां घरचीं माणसें गांठ आलेल्या रोग्यास माळ्यावर लपवीत. हल्लींच्या झोंबींच्या चित्रपटांत मेलेलीं माणसें उठून चावतात. तेथील तरुण चाव्याची जखम बाहीखालीं झांकतो, तोही अशाच भयानें. रोग पसरतो, नि मागें उरलेल्या पोराला ‘मीं बोललों असतों तर!’ हें शल्य जन्मभर टोंचतें. त्याला दोष देणें सोपें आहे. परंतु कबुलीचें फळ ताटातूटच असेल, तर बोलणार कोण? १८९७ सालींच सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां निवर्तल्या. मायेचें असें उघडें दार दिसलें, म्हणजेच गुपित ओठांवर येतें.