बृहन्नडा आणि आपले घर



अज्ञातवासात अर्जुन विराटाच्या दारी आला तो बृहन्नडा होऊन. राजाने पारख केली आणि आपली कन्या उत्तरा हिचे नृत्यगायनाचे शिक्षण त्याच्यावर सोपविले. राहायला जागा दिली तीही अंतःपुरात. ही कथा आपण कीर्तनात तल्लीन होऊन ऐकतो. परतताना सिग्नलवर टाळी ऐकू आली की गाडीची काच वर करतो.

आशीर्वाद मात्र हवा असतो. २०१६ साली उज्जैनच्या सिंहस्थात किन्नर आखाड्याच्या दर्शनाला रीघ लागली होती. त्यांतल्याच एखाद्याने आपल्या वाड्यात भाड्याने खोली मागितली तर?

हा दुरावा इंग्रजांनी आणला, असे म्हणण्याची आपल्याला सोय आहे. त्यात तथ्यही आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या लोकांची नोंदवही ठेवली. नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेशात रस्त्यावर दिसली तर वॉरंटाविना अटक होई. मृत्युपत्र करण्याचा, दत्तक घेण्याचा अधिकारही गेला. पण तो कायदा प्रारंभी उत्तरेतील प्रांतांपुरता होता, आणि पोटच्या पोराला घराबाहेर काढा, असे त्यात कोठेही लिहिलेले नव्हते. ते आपण केले.

२०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ अशी नोंद ४,८७,८०३ जणांची झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. देशभरच्या या आकड्यात सुमारे पंचावन्न हजार मुले सहा वर्षांपर्यंतची होती. थोडा विचार करा. एवढ्या लहान मुलाविषयी गणकाला कोण सांगणार? घरातलेच कोणी. त्यांतली काही मुले आज कॉलेजच्या उंबरठ्याशी आली असतील. आपल्या घरात असतील की नाही, ठाऊक नाही.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख दिली, २०१९ मध्ये संसदेने कायदा केला. कागदपत्रांचा प्रश्न त्यामुळे काहीसा सुटला.

मागे अशाच एका व्याख्यानानंतर एक माउली सभागृह रिकामे होईपर्यंत थांबल्या. त्यांचे थोरले अपत्य साडी नेसते, म्हणून वडिलांनी घराबाहेर काढलेले. माउली चोरून भेटत असत, डबा नेऊन देत असत. मला हळूच म्हणाल्या, “त्याला घरी आणीन हो मी. पण मग धाकटीचे लग्न जमेल का?”

मी निरुत्तर झालो. उत्तर माझ्यापाशी नव्हतेच. ते येथे बसलेल्या, मुलांसाठी स्थळे पाहत असलेल्या आईवडिलांपाशी आहे. त्या माउलींचा प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवतो आहे.